माळेगावची यात्रा आणि पशुप्रदर्शन

मार्गशीर्ष महिना संपत आला, की मराठवाड्यात थंडीचा कडाका वाढतो. काळ्याभोर शिवारात रब्बीची ज्वारी निसवू लागते, हरभरा घाटे धरू लागतो आणि कापसाची वेचणी बहुतेक ठिकाणी उरकत आलेली असते. अशा दिवसांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील रस्त्यांवर एक निराळीच वर्दळ दिसू लागते. घोड्यांचे, गाढवांचे तांडे जातात. बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या भटक्या लोकांचे जथे जातात. ट्रकांतून, टेम्पोंतून गुरे नेली जातात. जवळपासच्या गावांचे शेतकरी तर अजूनही जनावरांचे कासरे हाती धरून पायीच निघतात.

या गर्दीत एखादा शेतकरी आपला तांबडा वळू घेऊन चाललेला असतो. वळूचे अंग घासूनपुसून तुळतुळीत केलेले असते. शिंगांना रंगीत गोंडे बांधलेले असतात, पाठीवर झूल असते. वाटेवरचा एखादा मुलगा विचारतो, "काय मामा, विकायला काढला काय?" शेतकरी हसून म्हणतो, "नाही बाबा, दाखवायला नेतो."

जनावर विकायला नेणे कोणालाही समजते. परंतु नुसते दाखवायला एवढ्या थंडीत, एवढ्या लांब का न्यावे? दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, चारा-पाण्याचा खर्च होतो, झोपमोड होते ती वेगळीच. मग त्यात शेतकऱ्याचा लाभ कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर त्या वळूच्या मागोमाग माळेगावला गेले पाहिजे.

माळेगाव हे नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील गाव. पूर्वी ते कंधार तालुक्यात मोडत असे. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा सोडले, की पुढे ते लागते. येथे खंडोबाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते आणि चार-पाच दिवस चालते. देवस्वारीने, म्हणजे खंडोबाची पालखी निघून, यात्रेला आरंभ होतो. भाविक पालखीवर बेल-भंडारा उधळतात. येळकोटाचा गजर होतो आणि पाहता पाहता सारा माळ हळदीने पिवळा होऊन जातो. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून तर लोक येतातच. पण कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश या राज्यांतूनही पुष्कळ मंडळी येतात. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा तेथे एकाच वेळी कानांवर पडतात.

देवदर्शन हे यात्रेचे एक अंग. बाजार हे दुसरे. माळेगाव घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजारासाठी फार पूर्वीपासून नावाजलेले आहे. उंटही येथे येतात. वैदू, घिसाडी, जोशी, गोसावी अशा, एके काळी वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या समाजांची माणसे येथे एकत्र जमत. त्यांच्या सोयरिकी येथे ठरत, भांडणतंटे येथेच पंचायतीपुढे मिटविले जात. ज्यांना एक गाव नव्हते, त्यांना वर्षातून काही दिवस माळेगाव हेच गाव होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

गुरांच्या बाजारातील व्यवहार पाहण्यासारखा असतो. गिऱ्हाईक प्रथम जनावराचे दात पाहतो. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात मात्र आठ असतात. लहानपणीचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात आणि त्यांच्या जागी पक्के, मोठे दात येतात. सुमारे दोन-अडीच वर्षांच्या वयात पहिली जोडी येते, तेव्हा जनावराला 'दोनदाती' म्हणतात. पुढे चार, सहा असे दात येत जाऊन पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पुरे होतात. शेतकऱ्याजवळ जनावराचा जन्मदाखला नसतो. पण दातांवरून तो त्याचे वय सहज सांगतो. दात पाहून झाले, की गिऱ्हाईक बैलाला चालवून पाहतो, खुरे पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. मग किमतीची बोलणी सुरू होतात. जुन्या पद्धतीप्रमाणे ही बोलणी तोंडाने होत नसत. हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून बोटांच्या खुणांनी आकडा सांगत. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही सौदा केवढ्याला झाला, याचा पत्ता लागत नसे.

बाजार आणि प्रदर्शन यांतील भेद येथेच आहे. बाजारात जनावराची किंमत उपरण्याखाली ठरते. प्रदर्शनात जनावराचे मोल चारचौघांदेखत ठरते. बाजारात हेड्याला आपले ज्ञान लपवायचे असते, कारण त्यातच त्याचा फायदा असतो. प्रदर्शनात परीक्षकाला आपले ज्ञान उघड करून सांगावे लागते. हा वळू पहिला का आला आणि तो दुसरा का आला, हे भोवती उभ्या असलेल्या शंभर शेतकऱ्यांना कळले, तरच प्रदर्शनाचा हेतू सफल होतो.

माळेगावच्या यात्रेत यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने कृषिप्रदर्शन व पशुप्रदर्शन भरविले जाते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ साली स्थापन झाल्या आणि खेड्यापाड्यांतील शेती, शिक्षण, आरोग्य यांची पुष्कळ कामे त्यांच्याकडे आली. यात्रेच्या निमित्ताने लाखो माणसे आपण होऊन एका ठिकाणी जमतात. त्यांना गावोगाव शोधत जाण्यापेक्षा ज्ञानच यात्रेत नेऊन मांडावे, हा विचार सोयीचाही होता आणि शहाणपणाचाही. लातूर शहरातही महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा भरते आणि तिच्यातही पशुप्रदर्शनाला मानाचे स्थान असते.

या प्रदर्शनांत दोन जातींच्या गुरांकडे सर्वांचे लक्ष वेधलेले असते. पहिली लाल कंधारी. राष्ट्रकूट राजांच्या काळी भरभराटीला आलेले कंधार हे हिचे माहेर. कंधार, मुखेड, लोहा, बिलोली या भागांत आणि शेजारच्या परभणी, लातूर, बीड जिल्ह्यांत ही गुरे आढळतात. गडद तांबडा रंग, मध्यम पण कसदार बांधा, रुंद कपाळ, लांब कान आणि डौलदार वळणाची शिंगे ही तिची लक्षणे होत. उन्हाळ्यात चारा रोडावला, तरी ही गुरे टिकाव धरतात. पावसात चिकट होणाऱ्या आणि उन्हात दगडासारख्या कठीण होणाऱ्या काळ्या जमिनीत औत ओढण्याचे काम लाल कंधारी बैल मोठ्या नेटाने करतो.

दुसरी जात देवणी. लातूर जिल्ह्यातील देवणी या गावावरून तिला हे नाव मिळाले. देवणी, उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग आणि पलीकडे कर्नाटकातील बीदर जिल्हा हा तिचा प्रदेश. देवणीच्या रंगावरून तीन प्रकार मानतात. अंग पांढरे आणि तोंड बाजूंनी काळे, तो वानेरा. अंग पांढरेशुभ्र आणि पोटाच्या खालच्या बाजूस काळे ठिपके, तो बालंक्या. आणि पांढऱ्या अंगावर सर्वत्र वेडेवाकडे काळे ठिपके, तो शेवरा. देवणीचे बैल कष्टाळू असतात आणि गाई लाल कंधारीपेक्षा अधिक दूध देतात. म्हणून दूध आणि कष्ट या दोन्ही कामांची जात, अशी तिची ख्याती आहे. देशी जनावरांच्या जातींची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था हरियाणातील कर्नाल येथे आहे. तिच्या यादीत या दोन्ही जातींची स्वतंत्र नोंद आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून जनावरे दावणीला लागतात. वळू, बैलजोड्या, दुभत्या गाई, कालवडी, गोऱ्हे असे गट वेगवेगळे केलेले असतात. कारण लहान कालवडीची तुलना पूर्ण वाढलेल्या वळूशी करणे न्यायाचे नाही. परीक्षक बहुधा पशुवैद्यक असतात. ते प्रत्येक जनावर प्रथम दुरून पाहतात, मग जवळून तपासतात. रंग आणि शिंगे जातीला साजेशी आहेत का? पाठ सरळ आहे का? छाती रुंद आहे का? पाय सरळ, खुरे घट्ट आहेत का? वळूची चाल मोकळी आहे का? गाईची कास शरीराला नीट चिकटलेली असून चारही सड सारख्या अंतरावर आहेत का? अशा एकेका लक्षणाला गुण दिलेले असतात. गुणांची बेरीज होते आणि क्रमांक लावले जातात. ही एक परीक्षाच असते. फरक एवढाच, की परीक्षार्थी मुका असतो आणि त्याचा धनी कासरा धरून उभा राहिलेला, निकालासाठी अधीर झालेला असतो.

वळूच्या परीक्षेला विशेष महत्त्व असते. गाय साधारणपणे वर्ष-दीड वर्षात एका वासराला जन्म देते. वळूची वासरे मात्र पंचक्रोशीतील पुष्कळ गोठ्यांत जन्माला येतात. वळू चांगला असेल, तर त्याचे गुण पन्नास घरी पोचतात. तो सदोष असेल, तर त्याचे दोषही पन्नास घरी पोचतात. म्हणून चांगला वळू ही एका घराची मालमत्ता असली, तरी तो साऱ्या गावाचे भवितव्य घडवीत असतो. ज्या शेतकऱ्याच्या वळूला प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळतो, त्याच्या गोठ्याकडे पुढे वर्षभर लोकांची वाट वाहते. "दाखवायला नेतो" या शब्दांचा एक अर्थ येथे उलगडतो.

शेतकऱ्यांना असे प्रोत्साहन द्यावे, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहिला. शेतकऱ्यांच्या दैन्याची कारणे सांगून ते थांबले नाहीत. उपायही त्यांनी सुचविले. सरकारने दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांची आणि औत चालविण्याच्या कसबाची परीक्षा घ्यावी व उत्तम ठरणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सांगितले. विद्वानाला पदवी मिळते, शिपायाला बिल्ला मिळतो. मग उत्तम नांगरट करणाऱ्याच्या पदरी सन्मान का पडू नये, हा विचार त्यामागे होता.

नवी गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेतकरी ती सहसा स्वीकारत नाही. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. पण त्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. त्याचा एक प्रयोग फसला, तर त्याचे एक वर्ष वाया जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज लोकांत होता. प्रत्यक्ष शेतात नांगर चाललेला लोकांनी पाहिला आणि पुढे पीकही पाहिले, तेव्हा कोठे तो समज दूर झाला. ऐकीव शंभर गोष्टींपेक्षा पाहिलेली एक गोष्ट अधिक पटते, याच अनुभवावर प्रदर्शनाची सारी उभारणी झालेली आहे.

सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतही हेच घडले. एलकॅना वॉटसन नावाच्या गृहस्थाने १८०७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावी चौकातील झाडाखाली उत्तम लोकरीच्या दोन मेंढ्या बांधून ठेवल्या. त्या पाहायला लोकांची झुंबड उडाली. दोन मेंढ्यांसाठी एवढे लोक येतात, तर सगळ्यांनीच आपापली जनावरे आणली तर काय होईल, असा विचार त्याच्या मनात आला आणि १८१० साली तेथे पशुप्रदर्शन भरले. पुढे ही प्रथा त्या देशात सर्वत्र पसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी तर जिल्ह्याजिल्ह्यातून शेतीच्या जत्रा भरू लागल्या. तेथे जनावरे, धान्य, फळे, लोणी, मुरंबे असे सर्व काही मांडले जाई. बरोबरीने घोड्यांच्या शर्यती आणि खेळतमाशे असत. काही लोक तेवढ्यासाठीच येत. पण परतताना दोन नव्या गोष्टी पाहून जात.

अमेरिकेतील या जत्रांनी मुलांनाही जवळ केले. ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळाधिकाऱ्याने १९०२ साली मुलामुलींचे शेतीमंडळ काढले. मुले आपापल्या छोट्या वाफ्यांत पिके घेत, मातीची परीक्षा करीत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवीत. अशी मंडळे झपाट्याने वाढली. दक्षिण कॅरोलायना राज्यात जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने १९१० साली एक एकर जमिनीत मका लावला आणि मोजून २२८ बुशेल व वर पाऊण, म्हणजे सुमारे ५८ क्विंटल पीक काढले. त्या काळी अमेरिकेतील सरासरी उत्पन्न एकरी सात क्विंटलांच्या आसपास होते. जी गोष्ट मोठ्यांना पुस्तके सांगून पटली नसती, ती एका मुलाच्या शेताने पटवून दिली.

मात्र प्रदर्शनांत एक धोकाही असतो. जे डोळ्यांना सुंदर दिसते, ते उपयोगाला उत्तम असतेच असे नाही. त्या काळी अमेरिकेत मक्याच्या कणसांच्या स्पर्धा होत. कणीस किती लांब आहे, दाण्यांच्या ओळी किती सरळ आहेत, टोकापर्यंत दाणे भरले आहेत का, हे पाहून बक्षिसे दिली जात. आयोवा राज्यातील हेन्री वॉलेस या मुलाला एक शंका आली. देखण्या कणसाचे बी खरोखरच अधिक पिकते का? त्याने १९०४ साली परीक्षकांनी नावाजलेली आणि नाकारलेली कणसे घेतली, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरले आणि सुगीला प्रत्येक ओळीचे पीक निरनिराळे मोजले. निकाल चकित करणारा होता. सर्वांत सुंदर ठरलेल्या कणसाचे बी पिकाच्या बाबतीत अगदी मागे पडले होते! हाच मुलगा पुढे संकरित मक्याच्या बियाण्याचा प्रवर्तक झाला, आपल्या देशाचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्षही झाला.

या मुलाच्या शंकेने जो धडा दिला, तो माळेगावच्या माळावरही तितकाच खरा आहे. तेल लावून चकचकीत केलेले अंग, रंगविलेली शिंगे आणि भरजरी झूल यांना भुलून बक्षीस दिले, तर प्रदर्शन म्हणजे नुसती शोभा होईल. काही जनावरांना प्रदर्शनापुरते भरपूर खाऊ घालून पुष्टही केलेले असते. म्हणून जाणता परीक्षक झूल बाजूला काढायला लावतो आणि चरबीखालचा हाडापेराचा बांधा पाहतो. दुधाच्या स्पर्धेत तर डोळ्यांवर विसंबून चालतच नाही. आदल्या वेळी परीक्षकांसमक्ष गाईची कास पूर्ण रिकामी करतात आणि त्यानंतरच्या धारा त्यांच्याच देखरेखीखाली काढून दूध मोजतात. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाच्या पीकस्पर्धांतही नुसती चार टपोरी कणसे पाहून निकाल लावीत नाहीत. शेतातील ठरावीक क्षेत्राची कापणी व मळणी करून येणारे धान्य तोलतात. तराजू कोणाची भीड धरीत नाही.

आज या प्रदर्शनांना आणखी एक महत्त्व आले आहे. पूर्वी मराठवाड्यात बैलजोडी हेच शेतकऱ्याचे बळ होते. आता नांगरट, पेरणी, मळणी ही कामे ट्रॅक्टर व इतर यंत्रे थोड्या वेळात करतात. दुधासाठी जर्सी, होल्स्टीन यांसारख्या विदेशी जातींपासून झालेल्या संकरित गाई पाळल्या जातात, कारण त्या अधिक दूध देतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही. प्रत्येकाला आपल्या प्रपंचाची सोय पाहावीच लागते. पण याचा परिणाम देशी गुरांवर झाला आहे. २०१९ च्या पशुगणनेत असे दिसून आले, की २०१२ च्या मानाने भारतातील देशी गुरे सुमारे सहा टक्क्यांनी घटली आणि विदेशी व संकरित गुरे सव्वीस टक्क्यांहून अधिक वाढली.

कोणी म्हणेल, जुने गेले आणि नवे आले, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे. लाल कंधारी किंवा देवणी ही जात कोणा एका माणसाने एका दिवसात निर्माण केलेली नाही. मराठवाड्याचे ऊन, येथील दुष्काळ, कडब्यावर काढलेले उन्हाळे आणि शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी केलेली निवड यांतून ती घडली आहे. उष्णता सोसण्याचे आणि थोड्या चाऱ्यावर तग धरण्याचे गुण तिच्या रक्तात उतरले आहेत. पाऊस बेभरवशाचा होत असताना हेच गुण उद्या अधिक मोलाचे ठरतील. यंत्र बिघडले, तर दुसरे आणता येते. पण एखादी जात नाहीशी झाली, तर ती पुन्हा कोणत्याही कारखान्यात घडविता येत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांतून या गुरांचा अभ्यास होतो. तथापि जात खऱ्या अर्थाने टिकते, ती शेतकऱ्याच्या गोठ्यात. त्या गोठ्याला सन्मान देण्याचे काम प्रदर्शन करते.

मोठ्या संख्येने जनावरे एकत्र येतात, तेव्हा रोगाची भीतीही असते. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ पसरली. या रोगात अंगावर गाठी येतात, ताप येतो. डास, माश्या, गोचिडे यांच्यामार्फत तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. तेव्हा गुरांचे बाजार, शर्यती आणि प्रदर्शने यांवर शासनाला बंदी घालावी लागली आणि गावोगाव लसीकरण करावे लागले. यात्रेत गुरांच्या आरोग्याची तपासणी का करतात, लस टोचल्याचा दाखला का मागतात, याचे कारण यावरून ध्यानात येईल. ज्ञान जसे एका दावणीवरून दुसरीकडे जाते, तसा रोगही जाऊ शकतो. पहिल्याला वाट मोकळी ठेवावी आणि दुसऱ्याची अडवावी, यातच व्यवस्थेची कसोटी असते.

गुरांच्या दावणीपलीकडे मंडपात शेतीचा माल मांडलेला असतो. नांदेड भागातील हळकुंडे आणि केळी, ऊस, कापूस, लातूर भागातील तूर व सोयाबीन, भाजीपाला, फळे असा तो थाट असतो. ठिबक सिंचनाच्या नळ्या, पेरणीची यंत्रे, मातीपरीक्षणाची माहिती हेही तेथे असते. शेतकरी एखादे हळकुंड हातात घेतो, मोडून त्याचा रंग पाहतो आणि ते पिकविणाऱ्याला विचारतो, "बेणे कोणते? पाणी किती दिले?" प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही शेतकरीच असतात. त्यांच्यात शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे सांगणे अवघड असते.

सायंकाळ होते. कुस्त्यांच्या फडाकडून आरोळ्या येतात, तमाशाच्या कनातीत ढोलकी घुमू लागते, मिठाईच्या दुकानांतील दिवे लागतात. बक्षिसांचा समारंभ आटोपलेला असतो. तांबडा वळू घेऊन आलेला शेतकरी परतीची तयारी करीत असतो. समजा, त्याच्या वळूला पहिला क्रमांक मिळाला नाही. तरी तो रिकाम्या हाताने जात नाही. पहिल्या आलेल्या वळूची छाती आपल्या वळूपेक्षा किती रुंद आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच्या धन्याला तो भेटला आहे, वैरण कोणती घालतोस हे त्याने विचारून घेतले आहे आणि आपल्या कालवडीसाठी त्या वळूची निवडही मनाशी केली आहे. तीन-चार वर्षांनी ती कालवड जे वासरू देईल, ते कदाचित याच माळावर उभे राहील.

वाटेवर तोच मुलगा पुन्हा भेटतो आणि विचारतो, "मामा, दाखवून आलात का?"

शेतकरी म्हणतो, "दाखवला बी, आन् पाहून बी आलो."